‘राहिली’खाली ओढलेली रेघ

देवका,

तुझं तेरावं परवा झालं आणि आज कॉलेजातून गठ्ठा आला. बेचाळीस वह्या, सुतळीने बांधलेल्या, वर नेहमीचं गुणांचं पान. पहिला रकाना माझा, दुसरा तुझा. दुसऱ्यावर अजून तुझं नाव छापलेलं आहे, कारण ते पान ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये तसंच पडून असतं आणि ते बदलायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. मी गठ्ठा टेबलावर ठेवला, लाल पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. सकाळपासून एवढंच काम झालं आहे.

खरं तर मी नातवंडांसाठी लिहायला बसले होते. रेवा आणि अद्वय तिकडे टोरांटोला. परवा फोनवर रेवाने विचारलं, "आजी, तू रडलीस? आई म्हणाली तुझी कलीग गेली." कलीग. शब्द बरोबर आहे, त्यात चूक काढता येत नाही. पण वाटलं, तू कोण होतीस ते ह्या मुलांना क्रमाने लिहून पाठवावं, त्यांची आई वाचून दाखवील. जन्मगाव, शिक्षण, नोकरी असा आराखडा केला आणि पहिल्याच ओळीत ‘तू’ आलं. मग आराखडा बाजूला ठेवला. मुलांनी ऐकावं, पण मला बोलायचं तुझ्याशी आहे. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती मुलांच्या देखत सांगते, कारण एकटीने सांगायला बसले की मी टाळते. तुला ते माहीत आहे.

आधी मुलांना आपलं काम कळायला हवं. आपण दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो, मी इंग्रजी विभागातून, तू मराठीतून. पुढच्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना ‘लेखन’ असा नवा विषय आला. दर महिन्याला एक निबंध, मराठीत किंवा इंग्रजीत. प्रत्येक वही दोघांनी वेगवेगळी वाचायची, वीसपैकी गुण द्यायचे, आणि फरक चारांहून जास्त आला तर एकत्र बसून ठरवायचं. प्राचार्य म्हणाले, "दोघी मॅडम आता रिकाम्याच आहेत."

"रिकामी हे असंल," तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस. "माह्या घरी धान आहे."

आणि तरी दर गुरुवारी सालेकशाहून पॅसेंजरने येत राहिलीस. पिशवीत वह्या, वर लाखोरीच्या डाळीचे वडे, वड्यांचं तेल पहिल्या दोन-तीन वह्यांना लागलेलं. मी म्हणायचे, देवका, ही विद्यार्थ्यांची वही आहे. तू म्हणायचीस, "मंग? वडाबी त्याहिच्याच गावचा आहे."

मी तक्ता केला होता. मांडणी, व्याकरण, शब्द, परिच्छेद, विषयाला धरून असणं. पाच रकाने, प्रत्येकी चार गुण. फूटपट्टीने आखलेला. तू तो उलटासुलटा करून पाहिलास आणि म्हणालीस, "जनगणना करून राहिली का वो पोरांची?" तुझी रीत वेगळी होती. तू वही मोठ्याने वाचायचीस, मग मिटायचीस, अंगणातल्या पेरूकडे बघत बसायचीस आणि स्वतःलाच विचारायचीस, "काय राह्यलं?" जे राहिलं त्याचे गुण. कित्येक वह्यांत काहीच राहत नसे आणि माझ्या तक्त्यात त्यांना सोळा मिळत. कित्येकांत एखादं वाक्य असं राहायचं की तू दुसऱ्या गुरुवारीही ते म्हणून दाखवायचीस, आणि माझ्याकडे त्या वहीला आठ. आपले गुण चारांच्या आत जुळले असं फार वेळा झालं नाही. मुलं समजत असतील की परीक्षक नीट विचार करतात. आपण भांडत होतो.

सगळ्यांत जास्त भांडलो एका शब्दावरून. मुलांनो, इकडे ‘जाऊन राहिली’ म्हणजे जाते आहे. ‘जेवून राहिला’ म्हणजे जेवतो आहे, अजून ताटावर आहे. पोरं तसंच निबंधात लिहायची, आणि इंग्रजीत लिहिलं तर ‘माय ब्रदर इज स्टडी अँड स्टेड’. मी पुण्याहून लग्न होऊन गोंदियाला आले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. बाजारात, रिक्षात, माझ्या स्वयंपाकघरात हा ‘राहिली’ मी रोज ऐकत होते आणि मला तो कळत होता. कागदावर आला की मी ऐकणं बंद करत होते. पेन आपोआप खाली जायचं आणि रेघ ओढायचं.

"बोलन्यात समजते अन् लिवन्यात नाही समजत, हे कोनता रोग?" तू विचारायचीस.

"परीक्षेत कोण समजून घेणार आहे त्यांना?" मी म्हणायचे.

"आपन दोघी बसलो ना इथं. कायले बसलो?"

हा वाद इथेच थांबायचा, चहा यायचा.

मग ती वही आली. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कापणीचे दिवस होते. तू फोन केलास, "निरमला, माणसं आली आहेत कापाले, ह्या गुरवारी नाही जमत. दोन दिस थांब, आली मी." मी एक दिवस थांबले. गठ्ठा शनिवारी द्यायचा होता, आणि मी आयुष्यात कोणतीही गोष्ट उशिरा दिली नव्हती. ह्याचा मला अभिमान होता.

देवका, मी तुझा रकाना भरला.

सगळ्या वह्यांचा, गुणांच्या पानावर आणि प्रत्येक वहीच्या तळाशीही. तू किती देशील याचा अंदाज घेऊन, माझ्या गुणांत एक-दोन वाढवून, चारांच्या आत. तू पेन्सिलीने लिहायचीस म्हणून मी पेन्सिल घेतली. तुझ्या सातचं शेपूट लांब असायचं, तसं लांब काढलं. हे करताना मला लाज वाटली नाही. काम वेळेत होतंय याचं समाधान वाटलं. ते समाधान मला आजही जसंच्या तसं आठवतं.

विषय होता ‘माझ्या घरातील एक व्यक्ती’. ती तिसावी की एकतिसावी वही. माझे सहा, तुझ्या नावाने सात. गठ्ठा गेला, वह्या मुलांना परत मिळाल्या. तू कापणी उरकून आलीस तेव्हा मी म्हटलं, "ह्या वेळी मी निभावून नेलं." तू म्हणालीस, "बरं केलंस." कसं निभावलं ते विचारलं नाहीस.

पंधरा दिवसांनी तुझा फोन आला. "दवाखान्यात ये. सरकारी. बायांच्या वॉर्डात."

मी आले तेव्हा तू बाकावर बसली होतीस, शेजारी एक मुलगी, काळी शाल, पायात कुणाची तरी मोठी चप्पल. सुकवंती. सालेकशाच्या पुढे, गोंडांचं देवस्थान आहे त्या कचारगडाच्या बाजूला तिचं गाव. तू माझ्या हातात वही दिलीस आणि म्हणालीस, "वाच."

मी नजर फिरवली. माझंच लाल.

"मोठ्यानं वाच."

त्या बाकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांत मी वाचलं. "माझी आई मरून राहिली. सारे म्हनतात वाचत नाही आता. ती भात मागते अन् खात नाही. म्हनते मले कचारगडले नेऊन दे. मी कॉलेजले येऊन राहिली पन ध्यान घरी आहे. कोनाले सांगू समजत नाही, म्हनून इथं लिहून राहिली."

‘मरून राहिली’खाली रेघ होती. वर मी लिहिलं होतं, ‘मरण पावली’. आणि एकदा बाई मेली म्हटल्यावर पुढचे काळ जुळायला हवेत, म्हणून ‘मागते’चं ‘मागत असे’ केलं होतं, ‘म्हनते’चं ‘म्हणत असे’. नीटनेटकं, ओळीवर. अख्खं पान भूतकाळात नेलं होतं. शेवटच्या वाक्याशेजारी, जिथे मुलगी सांगत होती की कुणाला सांगू कळत नाही म्हणून इथे लिहिते आहे, तिथे समासात एकच शब्द होता. ‘विषयांतर’.

"सकाळी फलाटावर भेटली," तू म्हणालीस. तुझा आवाज चढलेला नव्हता. "म्हंते, मॅडम, आई मेली नाही अजून. मी तशीच परत गेली तिच्यासंगं. उचलूनच आनली बाईले."

त्या पानाच्या तळाशी पेन्सिलीचा लांब शेपटीचा सात होता. तू न वाचलेल्या वहीवर तुझ्या नावाचा सात. तू पाहिला होतास. मी वाट पाहिली. तू वही मिटलीस, सुकवंतीच्या हातात दिलीस आणि तिला म्हणालीस, "जाय, आईपाशी बस."

आई नऊ दिवस होती. मी डॉक्टरांना विचारलं, पंधरा दिवस आधी आणलं असतं तर? ते तरुण होते, थकलेले होते. म्हणाले, "सांगता येत नाही." ते हो म्हणाले असते तरी बरं झालं असतं, नाही म्हणाले असते तरी. ‘सांगता येत नाही’ हे वाक्य घेऊन मी इतकी वर्षं वावरते आहे आणि ते कुठल्याच बाजूला कलत नाही.

त्यानंतर मी ‘राहिली’खाली रेघ ओढली नाही. कुठल्याच वहीत ओढायला हात धजेना. वह्यांना पंधरा, सोळा, सतरा देत सुटले. तुला ते आवडेल असं वाटलं होतं. तू गठ्ठा माझ्याकडे सरकवलास आणि म्हणालीस, "हे दया झाली. वाचन नाही झालं. पोरीले नोकरीचा अर्ज लिवाचा आहे उद्या, तिथं चुकली तं कोन सतरा देते? आधी ऐक तिचं, मंग चूक सांग. दोन्ही कर. एक करून पयून जाऊ नोको." मी म्हटलं, दोन्ही कसं करायचं ते तक्त्यात दाखव. तू म्हणालीस, "तक्त्यात नाही बसत ते, पुनेवाली. तेच तं." हा वादही अर्धाच राहिला. तुझं बरोबर होतं असं मी तेव्हा म्हटलं नाही, कारण ते म्हटलं असतं तर पुढचं वाक्यही म्हणावं लागलं असतं.

सुकवंतीने एक वर्ष सोडलं, पुन्हा आली, बी.ए. झाली. आता गावातच अंगणवाडीत आहे. ती मला वाटेत भेटली की वाकून नमस्कार करायची, आणि तू बरोबर असलीस तर रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मी एकदा तुला विचारलं, "ही तुला बघून का वळते?" तू म्हणालीस, "कर्ज मागन असं वाटते तिले," आणि हसलीस. मीही हसले.

आता गेल्या महिन्याचं.

तुझं दुखणं लांबलं होतं, पण तू प्रत्येक फोनवर मलाच शिव्या देत होतीस, त्यामुळे मी घाबरले नव्हते. मग फोनवर निरोप आला, तुझ्या आवाजात, धाप लागलेली. "निरमला, मी मरून राहिली. रेघ नोको ओढू. ये."

ह्या वेळी मला पहिल्या फटक्यात कळलं. टेबलावर अर्ध्या तपासलेल्या वह्या होत्या, दुसऱ्या दिवशी द्यायच्या. तशाच उघड्या टाकल्या आणि दुपारच्या गाडीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा काम उशिरा गेलं, देवका. मला वाटलं, निदान एवढं तरी शिकले.

तीन दिवस होते तुझ्यापाशी. तीन पूर्ण दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ. काय केलं मी? तुझ्या औषधांच्या पट्ट्या वेळेप्रमाणे लावल्या. प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवली. तुझे केस विंचरले. तुझ्या सुनेला पथ्याचा कागद करून दिला, रकाने आखून. तू पडल्या पडल्या बघत होतीस. शेवटच्या दिवशी दुपारी तिला बाहेर पाठवलंस आणि मला म्हणालीस, "काही सांगाचं आहे का तुले?"

सगळं तोंडात होतं. पेन्सिल, सात, त्याचं शेपूट.

मी म्हटलं, "गोळी घेतलीस का दुपारची?"

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. मग ओठ हलले. मला वाटलं पाणी मागतेस, म्हणून वाकले. तू म्हणालीस, "विषयांतर."

आणि हसलीस. खरोखर हसलीस, खोकला येईपर्यंत. मी तुला पाणी पाजलं. संध्याकाळी तू गेलीस.

मला वाटलं होतं, ह्याहून वाईट काही उरलेलं नाही. परवा तुझ्या अंगणात पंगत उठल्यावर सुकवंती आली. हातात ती वही. कोपरे झिजलेले, पण वर प्लॅस्टिकचं नवं आवरण. ती बसली आणि सांगायला लागली.

"मॅडम, तुमच्यावर मले राग नव्हता कधी. तुम्ही पुन्याच्या, तुम्हाले आमची बोली कशी समजन? पन देवका मॅडम तं आमच्याच ना. फलाटावर मी त्याहिले म्हनली, तुम्हीबी वाचलं अन् तुम्हीबी सातच देल्ले? तुम्हाले नाही समजलं? तं त्या म्हनल्या, हो बाई, वाचलं मी. ध्यान नव्हतं. माही चूक झाली." तिने वहीवरून हात फिरवला. "लय राग आला मले. आई गेली तं मी तीन वर्सं त्याहिच्यासंगं बोलली नाही. समोर आल्या का रस्ता बदलवो. तरी त्या फीचं फार्म भरताना हजर, परीक्षेले हजर. मंग एक दिवस आपोआप गेला राग. आता वाटते, चुकन ना मानूस. तीन वर्सं कायले वाया घालवली मी."

मग तिने वही माझ्या मांडीवर ठेवली. "हे तुमच्यापाशी असू द्या. तुम्ही त्याहिच्या जिवाच्या. त्याहिच्या हातचं एवढंच होतं माह्यापाशी." आणि तिने बोट ठेवलं. लांब शेपटीच्या सातवर.

माझ्या तोंडाशी आलं. देवाशपथ आलं होतं. मी म्हटलं, "जेवलीस का गं?"

तिने तुझी आठवण म्हणून जपलेलं अक्षर माझं आहे. तुझ्या वाट्याचा राग माझा होता. तू तो तीन वर्षं, रस्त्याच्या एका बाजूला उभी राहून, सोसत राहिलीस, आणि दर गुरुवारी येऊन माझ्या ओट्यावर वडे काढून ठेवत राहिलीस. आणि ती रस्ता ओलांडायची तेव्हा मी तुझ्याबरोबर हसले. एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर. त्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर, ‘हा सात माझा नाही’ म्हणायचं होतंस. मी तुझी आभारी आहे असं लिहायला हवं, आणि आहेही, पण आत्ता मला तुझा फार राग येतो आहे. तू मला सांगायची संधी ठेवलीस. वाट पाहत राहिलीस. मी कशी आहे हे माहीत असून.

दुपारी ऑफिसातून फोन आला. मी म्हटलं, दुसऱ्या रकान्याचं काय करायचं? तो क्लार्क चांगला मुलगा आहे, घाईत होता. म्हणाला, "मॅडम, दोनों कॉलम आप ही भर दो ना. कौन देखता है?"

मी फोन ठेवला आणि पेन्सिल कुठे आहे ते पाहिलं. पाहिलं, देवका. हात गेला होता.

मग पेन्सिल ठेवून पहिली वही उघडली आणि मोठ्याने वाचली. घरात कुणी नाही. मुलगा लिहितो की त्याचे बाबा तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरी येतात तेव्हा त्यांच्या हाताला वास येतो आणि धाकटी बहीण तो वास संपेपर्यंत त्यांचा हात सोडत नाही. वही मिटली, पेरूकडे पाहिलं. तो हात राहिला. मग पुन्हा उघडून चुका पाहिल्या, आठ होत्या, त्या सांगितल्या. दोन्ही केलं. जमतं का ते विचारायला तू नाहीस. माझ्या रकान्यात चौदा लिहिले. तुझा रिकामा ठेवला, तो बेचाळीसही वह्यांना रिकामाच जाईल. ऑफिसला काय करायचं ते करू दे.

सुकवंतीची वही समोर आहे. त्या सातवर मी अजून काही केलेलं नाही. आधी खोडणार होते, पण ती तिची वस्तू आहे, तिच्यासमोर खोडायला हवी. उद्या सकाळच्या पॅसेंजरने सालेकशाला आणि तिथून पुढे तिच्या गावाला जाते. अंगणवाडी सुटेपर्यंत बाहेर थांबेन. ती कदाचित पुन्हा तीन वर्षं बोलणार नाही, ह्या वेळी माझ्याशी. तिला राग येईल आणि तो ठेवायला तू तिथे नसशील. उलट तुझी तीन वर्षं तिला आता किती टोचतील, ह्याची मला भीती वाटते. पण मला ह्याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही.

रेवा, अद्वय, तुमची आई हे वाचताना अडखळेल. तिने इथे अडखळू नये, म्हणून पुढच्या दोन ओळी सरळ लिहिते. त्या चुकीच्या वाटल्या तरी दुरुस्त करू नका.

देवका, तुझ्या रकान्यातला सात मी लिहिला होता. मी सांगून राहिली. ऐकून राहिली का तू?